कौटुंबिक बायबल : साक्ष आणि साक्षीदार

घराण्याचा वृत्तान्त लिहावयाचा म्हटले, की आपल्याला प्रथम नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आठवतात. पणजोबा यात्रेस केव्हा आले, बरोबर कोण होते, हे तेथे सापडते. अमेरिकेतील जुन्या घराण्यांची अशी वही म्हणजे वंशपरंपरेने आलेले बायबल. जुना करार आणि नवा करार यांच्या मध्ये पुष्कळ प्रतींत काही पाने कोरी असत. घरातील जन्म, विवाह व मृत्यू त्यांवर लिहून ठेवीत.

या पानांना केवळ भावनेचे मोल होते असे नाही. त्यांवर कित्येकांचे अन्न अवलंबून होते. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध 1783 साली संपले. 1836 च्या कायद्याने त्या युद्धातील सैनिकांच्या विधवांना पेन्शन मिळण्याचा मार्ग खुला झाला; अट अशी, की विवाह नवऱ्याची लष्करी नोकरी संपण्यापूर्वी झालेला असावा. पुढे 1838 मध्ये ही मर्यादा 1794 च्या आरंभापर्यंत वाढविली. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नाचा पुरावा म्हाताऱ्या बाईने आणावा कोठून? अनेक ठिकाणी सरकारी नोंद नव्हती, साक्षीदार वारलेले. तेव्हा कित्येकींनी बायबलातील पानच फाडून अर्जासोबत धाडले. त्या युद्धाच्या पेन्शनीची सुमारे 80,000 प्रकरणे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि अशी पाने आजही त्यांत सापडतात. पान सरकारदप्तरी टिकले. घरातले बायबल मात्र त्या पानावाचून पुढच्या पिढीकडे गेले.

आता प्रश्न असा, की धर्मग्रंथात लिहिले म्हणून ते खरे मानावे काय? आमचे उत्तर असे, की ग्रंथ पवित्र असला तरी नोंद माणसाने केलेली असते. विवाहाची तारीख दोन वर्षे मागे गेली की पेन्शन मिळणार, असा मोह जेथे आहे, तेथे संशोधकाने सावध असलेच पाहिजे. म्हणून प्रथम मुखपृष्ठावरील छपाईचे वर्ष पाहावे. अमेरिकेत छापलेले पहिले संपूर्ण इंग्रजी बायबल 1782 चे. तेव्हा 1803 साली छापलेल्या प्रतीत 1779 चे लग्न नोंदलेले असेल, तर ती नोंद मागाहून, आठवणीने किंवा दुसऱ्या कागदावरून उतरलेली आहे, हे उघड आहे. तेवढ्याने ती खोटी ठरत नाही. तिचे वजन तेवढे कमी होते. तसेच चाळीस वर्षांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणाने असतील, तर त्या एकाच बैठकीत लिहिल्या असण्याचा संभव अधिक.

तारखाही जपून वाचाव्या लागतात. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म त्यांच्या घरच्या बायबलात 11 फेब्रुवारी 1731/32, सकाळी दहाच्या सुमारास, असा नोंदलेला आहे. जग मात्र 22 फेब्रुवारी 1732 म्हणते. दोन्ही बरोबर आहेत. इंग्रजी राज्यात त्या काळी वर्ष 25 मार्चला बदले. 1752 मध्ये नवी कालगणना आली आणि अकरा दिवस गाळले गेले. शक चैत्रात आणि गुजरातचा संवत कार्तिकात बदलतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

सर्वांत कठीण वाचन दक्षिणेकडील मळेवाल्यांच्या बायबलांचे. त्यांत कधी कधी मालकाच्या मुलांप्रमाणे गुलामांच्या मुलांचेही जन्म लिहिलेले असतात. बहुधा नुसते नाव, आडनाव नाही. मालकाच्या लेखी ती मालमत्तेची नोंद होती. 1850 आणि 1860 च्या शिरगणतीत गुलामांची वये मांडली, पण नावे बहुतेक गाळली. त्यामुळे आज ज्यांना आपले पूर्वज शोधावयाचे आहेत, त्या कृष्णवर्णीय कुटुंबांना पणजीचे नाव कधी कधी तिच्या मालकाच्या धर्मग्रंथातच मिळते. ज्याने माणूस विकत घेतला त्याच्याच हस्ताक्षरावर त्या माणसाच्या जन्माची साक्ष टिकून राहावी, यासारखी इतिहासाची विपरीत गती दुसरी कोणती!

आपल्याही घरी पोथीच्या शेवटच्या पानावर, चोपडीच्या पुठ्ठ्यावर अशा नोंदी असतील. त्या पाहताना कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिले, हे तीन प्रश्न विचारावेत. आणि चौथा हा, की कोणाचे नाव लिहिलेच नाही. लेकीसुनांची नावे शोधू लागताच या चौथ्या प्रश्नाचे महत्त्व आपल्या ध्यानात येईल.