मध्यरात्री नागपूरला गाठ

धनज बुद्रुक हे वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातलं गाव. मुंबई आणि नागपूर या विमानतळांना जोडणारी सरळ रेघ नकाशावर ओढली, तर ती याच परिसरावरून जाते. रेघेची लांबी सुमारे ६९० किलोमीटर. भुसावळ, अकोला, बडनेरा करत जाणाऱ्या रेल्वेला तेच अंतर ८३७ किलोमीटर पडतं. कारंजा तालुक्यातूनच गेलेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, पण तो मुंबईच्या अलीकडे, भिवंडीजवळ आमण्याला संपतो.

विमानाचं अंतर आणि त्याला लागणारा वेळ यांची सांगड आपल्याकडे टपालाने घातली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून निघून, अहमदाबादला थांबून जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या विमानात पत्रांच्या थैल्या होत्या. या कुळकथेतला खरा मोठा टप्पा मात्र विदर्भातला आहे.

जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळणमंत्री होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री विमानं सुटत आणि मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेच्या सुमारास प्रत्येक विमान आपापल्या शहरी परते. नागपूरच का, याचं उत्तर अंतरांतच आहे. तिथून मुंबई ६९०, दिल्ली ८५०, मद्रास ९०० आणि कलकत्ता साधारण ९८५ किलोमीटर. डाकोटा विमान ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास उडे. म्हणजे मुंबईचं विमान अडीच तासांत पोचे, कलकत्त्याच्या विमानाला साडेतीन तासांहून अधिक लागत. सर्वांत लांबून येणाऱ्यालाही एका रात्रीत जाऊन परतता येईल, असं शहर चौघांच्या मधोमध हवं होतं. माझ्या मते देशाच्या मध्यावर असण्याचा इतका रोकडा उपयोग नागपूरला दुसऱ्या कशाने क्वचितच झाला असेल. १ एप्रिल १९४९ पासून तर देशांतर्गत पत्रं जादा आकाराशिवाय विमानाने जाऊ लागली. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या साध्या पाकिटालाही ती सवलत मिळाली.

आज मुंबई-नागपूर उड्डाण दीड तासाचं म्हणून छापलं जातं. त्यातला हवेतला वेळ जेमतेम तासभर. विमान जागेवरून हललं की मोजणी सुरू होते आणि दुसऱ्या ठिकाणी जागेवर उभं राहिलं की थांबते. धावपट्टीपर्यंतचं सरकणं आणि रांगेतलं थांबणं, सगळं त्यात धरलेलं असतं. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. तो मुंबईहून येताना विमानाला पुढे रेटतो आणि परतताना अडवतो. तेव्हा जानेवारीत नागपूरहून मुंबईला जाऊन पुढचं विमान पकडायचं असेल, तर दोहोंमध्ये पुरेसा अवधी ठेवूनच तिकीट काढा.