ट्युनिसियातील डिजिटल माध्यमे आणि नागरी संवाद

उत्तर आफ्रिकेतील ट्युनिसिया या अरब देशात सार्वजनिक प्रश्नांवरील चर्चा, शासनावरील टीका व कायदेनिर्मितीतील लोकसहभाग यांसाठी इंटरनेटचा कसा उपयोग झाला आणि शासनाने त्यावर कोणकोणती नियंत्रणे आणली, याचा आढावा या लेखात घेतला आहे. २०१०-११ मधील जनउठावामुळे हा देश 'फेसबुक क्रांती'चे उदाहरण म्हणून जगभर ओळखला गेला. तथापि या संवादाचा इतिहास उठावाच्या बराच आधी सुरू होतो आणि त्यानंतरही चालू राहतो.

पार्श्वभूमी

१९९१ मध्ये ट्युनिसिया इंटरनेटशी जोडला गेला. अरब देशांत हे तेथे सर्वप्रथम घडले. १९९६ पासून ही सेवा सर्वसामान्यांना मिळू लागली व तिच्या व्यवस्थापनासाठी 'ट्युनिसियन इंटरनेट एजन्सी' ही सरकारी संस्था स्थापन झाली. देशात १९८७ पासून झिने एल अबिदिन बेन अली यांची एकाधिकारशाही होती. वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी शासनाच्या नियंत्रणाखाली होती. नवे तंत्रज्ञान देशाच्या प्रगतीचे चिन्ह म्हणून मिरवावे, परंतु त्यावरील मतप्रदर्शन रोखावे, असे शासनाचे दुहेरी धोरण होते.

अम्मार ४०४

बंदी घातलेले संकेतस्थळ उघडल्यास 'प्रवेश निषिद्ध' असे न दर्शवता 'पान सापडले नाही' या अर्थाचा '४०४' हा त्रुटिसंदेश दाखवला जाई. म्हणजे बंदी तर होतीच, शिवाय बंदी असल्याचेही लपवले जाई. नागरिकांनी या अदृश्य नियंत्रकाला 'अम्मार ४०४' असे थट्टेचे नाव दिले.

झुहैर याह्यावी यांनी २००१ मध्ये 'ट्युनेझीन' हे उपरोधिक संकेतस्थळ सुरू केले. ट्युनिसिया हे प्रजासत्ताक आहे, राज्य आहे, प्राणिसंग्रहालय आहे की तुरुंग, असा कौल त्यांनी वाचकांकडून मागवला. जून २००२ मध्ये त्यांना अटक झाली. खोट्या बातम्या पसरवणे हा त्यांच्यावरील एक आरोप होता. नोव्हेंबर २००३ मध्ये सुटका झाल्यानंतर १३ मार्च २००५ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

२००४ मध्ये 'नवात' (अर्थ : गाभा) हे स्वतंत्र संकेतस्थळ सुरू झाले. २००७ मध्ये यूट्यूबवर बंदी आली. २००८ च्या ऑगस्टमध्ये फेसबुकही काही काळ बंद करण्यात आले. मे २०१० मध्ये तरुणांनी या नियंत्रणाविरुद्ध पांढरे कपडे घालून राजधानी ट्युनिसमध्ये एकत्र येण्याचे आवाहन केले, तेव्हा आदल्या दिवशी दोन आयोजकांना ताब्यात घेण्यात आले.

सिदी बूझिद ते राजधानी

२००८ मध्ये गफ्सा या फॉस्फेटच्या खाणींच्या प्रदेशात बेरोजगारीविरुद्ध अनेक महिने आंदोलन झाले. परंतु त्याची वार्ता उर्वरित देशापर्यंत फारशी पोहोचली नाही. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बूझिद येथे मोहम्मद बुअझीझी या फळविक्रेत्याने, माल जप्त झाल्यानंतर, स्वतःला पेटवून घेतले. त्यानंतरच्या निदर्शनांचे चित्रण एका नातलगाने मोबाइलवर केले आणि ते अल जझीरा या उपग्रह वाहिनीवरून घरोघरी पोहोचले. या सुमारास सुमारे एक कोटी सहा लाख लोकसंख्येच्या देशात फेसबुकचे सुमारे वीस लाख वापरकर्ते होते. लीना बेन म्हेन्नी यांनी अंतर्भागातील गावांत जाऊन मृत व जखमींची माहिती आपल्या ब्लॉगवर नोंदवली.

१३ जानेवारी २०११ च्या रात्री बेन अली यांनी दूरचित्रवाणीवरून इंटरनेटवरील बंधने उठवण्याचे आश्वासन दिले आणि अनेक बंद संकेतस्थळे खुली झाली. दुसऱ्या दिवशी ते देश सोडून गेले. या घटनाक्रमात इंटरनेटबरोबरच उपग्रह वाहिनी, कामगार संघटनांच्या स्थानिक शाखा आणि वकिलांचे मोर्चे यांचाही निर्णायक वाटा होता.

संविधाननिर्मितीचा काळ

२३ ऑक्टोबर २०११ रोजी २१७ सदस्यांची संविधानसभा निवडली गेली. २०१२ मध्ये अमिरा याह्यावी यांनी 'अल बवसला' (अर्थ : होकायंत्र) ही संस्था स्थापन केली. झुहैर हे त्यांचे चुलत बंधू. संस्थेच्या 'मर्सद' या संकेतस्थळावर सदस्यांची उपस्थिती व प्रत्येक मतदानातील त्यांचे मत प्रसिद्ध होऊ लागले. त्यामुळे आपल्या प्रतिनिधीला नेमका प्रश्न विचारण्याचे साधन मतदारांच्या हाती आले.

ऑगस्ट २०१२ मध्ये मसुद्यातील एका कलमात स्त्रीचा उल्लेख पुरुषाला 'पूरक' असा झाला. त्याविरुद्ध इंटरनेटवर सह्यांची मोहीम निघाली, १३ ऑगस्टला ट्युनिसमध्ये मोठे निदर्शन झाले आणि पुढे हा शब्द वगळण्यात आला. २६ जानेवारी २०१४ रोजी संमत झालेल्या संविधानात स्त्री-पुरुष समानतेची तरतूद होती. कलम ३२ नुसार माहिती मिळवण्याच्या हक्काची हमी देण्यात आली, तर २०१६ मध्ये माहितीच्या अधिकाराचा स्वतंत्र कायदा झाला.

संवादाची भाषा

शासकीय व्यवहार व वृत्तपत्रे प्रमाण अरबी वा फ्रेंच भाषेत चालत. समाजमाध्यमांवर मात्र 'दारिजा' ही बोली रूढ झाली. ती पुष्कळदा रोमन लिपीत लिहिली जाते आणि त्या लिपीत नसलेल्या ध्वनींसाठी अंक योजले जातात, उदाहरणार्थ 'ऐन' या अक्षरासाठी ३ व 'हा' या कंठ्य ध्वनीसाठी ७. ज्यांना प्रमाण भाषेत लिहिण्याचा सराव नव्हता, तेही यामुळे चर्चेत सहभागी होऊ शकले.

मर्यादा

मुक्त माध्यमांबरोबर अफवा, चारित्र्यहनन व टोकाची गटबाजीही वाढली. २०१३ मध्ये शुक्री बेलईद व मोहम्मद ब्राहमी या नेत्यांच्या हत्यांनंतर इस्लामवादी व धर्मनिरपेक्ष गटांतील वितुष्ट विकोपाला गेले. ही कोंडी समाजमाध्यमांवर सुटली नाही. कामगार संघटना, उद्योजक संघटना, मानवाधिकार संघटना व वकील संघटना या चार संस्थांनी पक्षांना समोरासमोर बसवून तोडगा काढला. या कार्यासाठी त्यांना २०१५ चा नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.

२०२१ नंतर

२५ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली. २०२२ च्या आरंभी शासनाने नव्या संविधानासाठी 'राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक विचारविनिमय' घडवून आणला. बहुतेक प्रश्नांची उत्तरे दिलेल्या पर्यायांतून निवडायची होती. सुमारे ५.३ लाख लोकांनी, म्हणजे मतदारसंख्येच्या दहा टक्क्यांहून कमी नागरिकांनी, त्यात भाग घेतला. नवे संविधान २५ जुलै २०२२ च्या सार्वमताने स्वीकारण्यात आले. त्यात सुमारे तीस टक्के मतदारांनी मतदान केले.

१३ सप्टेंबर २०२२ च्या अध्यादेश क्रमांक ५४ नुसार इंटरनेटवरून खोटी बातमी पसरवल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. लक्ष्य सार्वजनिक अधिकारी असल्यास शिक्षा दुप्पट होते. पत्रकार, वकील व सामान्य नागरिकांवर या अध्यादेशाखाली खटले झाले.

मूल्यमापन

पूर्वी नको असलेले पान अदृश्य केले जाई. आता पान दिसते, परंतु लिहिणाऱ्याला न्यायालयात उभे राहावे लागू शकते. २००२ मध्ये याह्यावी यांच्यावर ठेवलेला खोट्या बातमीचा आरोप वीस वर्षांनी पुन्हा कायद्यात ठळकपणे अवतरला. डिजिटल माध्यमांनी ट्युनिसियाच्या नागरिकांना आवाज दिला. तो आवाज ऐकून घेणे सत्ताधाऱ्यांना भाग पडले, ते मात्र निवडून आलेली सभा, माहितीचा अधिकार व स्वतंत्र संघटना पाठीशी असलेल्या काळातच.