लिंकन घराण्याची वंशावळ : परंपरा आणि पुरावा

कुलवृत्तान्त लिहावयास बसलेल्या गृहस्थापुढे दोन प्रकारचे साहित्य असते. घरच्या वडीलधाऱ्यांच्या मुखातून चालत आलेली परंपरा हे एक, आणि दप्तरांत शिल्लक राहिलेले कागद हे दुसरे. दोहोंचा मेळ बसला तर प्रश्नच मिटला. परंतु तो क्वचितच बसतो. अशा वेळी परंपरा कितपत मानावी आणि कागद कोठवर ताणावा, याचा विवेक शिकविणारे एक परदेशी उदाहरण ज्ञातिबांधवांपुढे ठेवावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते उदाहरण अमेरिकेचे सोळावे अध्यक्ष अब्राहम लिंकन (१८०९–१८६५) यांच्या घराण्याचे होय.

उत्तर अमेरिकेत इंग्रजांची पहिली टिकाऊ वसाहत इ. स. १६०७ मध्ये झाली. इतक्या अलीकडच्या काळातील मूळ पुरुष शोधून काढणे सुलभ असेल, असे आपणांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. खुद्द लिंकन यांना आपल्या पणजोबांपलीकडची माहिती नव्हती. इ. स. १८४८ मध्ये ते अमेरिकन लोकप्रतिनिधिगृहाचे सभासद असताना मॅसॅच्युसेट्समधील हिंगहॅम गावच्या सॉलोमन लिंकन या इतिहासलेखकाने त्यांना घराण्याविषयी पत्राने विचारणा केली. उत्तरात त्यांनी कळविले ते इतकेच की, आजोबा व्हर्जिनियातील रॉकिंगहॅम काउंटीतून, म्हणजे त्या जिल्ह्यातून, १७८२ च्या सुमारास केंटकीत आले. पणजोबा पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियात आले आणि ते क्वेकर पंथाचे होते, अशी अंधूक आठवण घरात आहे. त्यामागचे काहीच ऐकिवात नाही.

ही विस्मृती का झाली, याचे कारण करुण आहे. आजोबा अब्राहम हे केंटकीतील आपल्या शेतात काम करीत असता तेथील मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. त्या वेळी अध्यक्षांचे वडील टॉमस हे केवळ आठ वर्षांचे होते. वडिलार्जित जमीन तत्कालीन कायद्याने थोरल्या भावाकडे गेली, आणि टॉमस मजुरी करीत वाढले. विद्या तर नाहीच. ज्याच्या तोंडून घराण्याची हकीकत पुढच्या पिढीस मिळावयाची, तो दुवाच निखळला. ही घटना लिंकन यांनी १७८४ च्या सुमारास घडल्याचे लिहिले आहे. अभ्यासकांनी ती १७८६ मधील असल्याचे ठरविले आहे. परंपरेने प्रसंग खरा सांगितला, पण साल चुकविले.

लिंकन यांनी डिसेंबर १८५९ मध्ये जे अल्प आत्मवृत्त लिहून दिले, त्यात त्यांचा प्रांजळपणा दिसून येतो. न्यू इंग्लंडमधील लिंकन घराण्याशी आपला संबंध जोडण्याचा प्रयत्न झाला. परंतु दोन्ही घराण्यांत मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी तीच तीच नावे आढळतात, यापलीकडे निश्चित असे काही हाती लागले नाही, असे त्यांनी नमूद केले. अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली असता एखाद्या प्रतिष्ठित घराण्याशी नाते सांगणे त्यांना सोयीचेच झाले असते. त्यांनी तो मोह टाळला.

पुढे संशोधकांनी हा गुंता सोडविला, तो कागदांच्या आधारे. सॅम्युअल शॅकफर्ड यांनी १८८७ मध्ये न्यू इंग्लंडमधील वंशेतिहासाच्या त्रैमासिकात या वंशाची संगती लावून दाखविली, आणि १९२३ मध्ये वाल्डो लिंकन यांचा विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावरून परंपरा ठरली ती अशी : इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यातून १६३७ साली आलेला विणकर सॅम्युअल हा मूळ पुरुष, त्याचा पुत्र मॉर्डेकाय (१६५७–१७२७), त्याचा पुत्र दुसरा मॉर्डेकाय (१६८६–१७३६), त्याचा जॉन, जॉनचे अब्राहम, अब्राहमचे टॉमस, आणि टॉमसचे अध्यक्ष अब्राहम.

या साखळीतील अवघड कडी दुसऱ्या मॉर्डेकायची होती. तो मॅसॅच्युसेट्स सोडून न्यू जर्सीत व तेथून पेनसिल्व्हेनियात गेला. बापाचा व्यवसाय लोहारकामाचा; मुलगाही पेनसिल्व्हेनियात लोखंडाच्या भट्टीत भागीदार होता. परंतु निर्णायक ठरले त्याचे मृत्युपत्र. त्यात न्यू जर्सीतील तीनशे एकर जमीन त्याने जॉन या पुत्रास दिली आहे. आणि पुढे तीच जमीन विकताना जॉनने करून दिलेल्या खतात बापाचे नाव आले आहे. नावांचे साम्य जे सिद्ध करू शकले नाही, ते जमिनीच्या एका तुकड्याने सिद्ध केले.

हे मृत्युपत्र शोधण्यातही दोन अडचणी होत्या. मॉर्डेकायने १७३३ मध्ये बांधलेले घर आज बर्क्स काउंटीत मोडते. परंतु ही काउंटी १७५२ साली निर्माण झाली. सबब मृत्युपत्र तेथे शोधणे व्यर्थ. ते फिलाडेल्फियाच्या दप्तरात सापडते. घर जागचे हलले नाही, जिल्हा मात्र बदलला. दुसरी अडचण तिथीची. मृत्युपत्रावर फेब्रुवारी १७३५/३६ असे जोडसाल आहे. १७५२ पर्यंत इंग्रजी अमलात वर्षारंभ २५ मार्चला होत असे. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतील घटना जुन्या गणनेने मागील सालात पडत. शकाचे इसवी सन करताना पौष-माघात ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागतात, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांना यातील खुबी तत्काळ कळेल. ती न कळल्यास बापाच्या मृत्यूनंतर वर्ष उलटून गेल्यावर मुलगा जन्मल्याची नोंद होऊन बसते!

याखेरीज लेखनिकांचा प्रताप वेगळाच. आजोबांच्या केंटकीतील जमिनीच्या कागदांत आडनाव ‘लिंकहॉर्न’ असे पडले आहे. घराण्यातील क्वेकरपणाच्या परंपरेचा उलगडाही उद्बोधक आहे. दुसऱ्या मॉर्डेकायच्या मृत्यूनंतर जन्मलेला पुत्र अब्राहम याने बून घराण्यातील अ‍ॅन या क्वेकर कन्येशी विवाह केला, तेव्हा पंथाबाहेर लग्न केल्याबद्दल पंथाच्या सभेने तिला दोष दिला. म्हणजे वर क्वेकर नव्हता! शेजार आणि सोयरीक क्वेकरांशी होती, त्यावरून घराणेच क्वेकर होते अशी आठवण पुढे रूढ झाली असावी.

आजीच्या बाबतीत तर दैवाचा विचित्र खेळ दिसतो. आजोबांच्या पत्नीचे नाव मेरी शिप्ली, असे जुने चरित्रकार सांगत. परंतु १७८० च्या एका विक्रीखतात पतीसोबत ‘बर्शीबा’ असे पत्नीचे नाव आहे. त्यावरून ती बाथशीबा ठरली. तिचे माहेर हेरिंग घराण्यात, ही मात्र केवळ परंपरा. रॉकिंगहॅम काउंटीचे दप्तर यादवी युद्धात जून १८६४ मध्ये जाळले गेले. ते जाळणारे सैन्य अध्यक्ष लिंकन यांच्याच पक्षाचे, उत्तरेचे होते.

आता सर्वांत नाजूक भाग. अध्यक्षांच्या आईवडिलांचा विवाहच झाला नव्हता, असा अपवाद त्यांचे विरोधक पसरवीत. विवाहाची नोंद हार्डिन काउंटीत शोधली गेली आणि तेथे ती मिळाली नाही. अखेर १८७८ मध्ये शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीच्या दप्तरात ती सापडली : १२ जून १८०६. तोवर अध्यक्षांना जाऊन तेरा वर्षे लोटली होती. एका मातेवरील कलंक दूर करणारा कागद बहात्तर वर्षे एका कपाटात पडून होता!

मातेचे, नॅन्सी हँक्स यांचे, स्वतःचे कुल मात्र वादग्रस्त राहिले. आपली आई ल्यूसी हँक्सची अनौरस कन्या होती, असे लिंकन यांनी आपल्यास सांगितले, अशी त्यांचे वकिलीतील भागीदार हर्नडन यांची साक्ष होती. ती अनेकांस रुचली नाही. १८९९ मध्ये एका लेखिकेने १७९३ चे जोसेफ हँक्स याचे मृत्युपत्र पुढे आणले. त्यात नॅन्सी नावाच्या मुलीस वाटा आहे. तीच ही नॅन्सी, म्हणून सर्व यथाविधि झाले, असा निष्कर्ष काढण्यात आला. परंतु ती नॅन्सी वेगळी, नात्याने मावशी निघाली. २०१५ मध्ये मातृपरंपरेने उतरणाऱ्या आनुवंशिक द्रव्याची वंशजांत तुलना करण्यात आली, तेव्हा नॅन्सी ही ल्यूसीचीच कन्या, हे सिद्ध झाले. नॅन्सीच्या पित्याचे नाव कोणत्याच कागदाने दिलेले नाही, आणि चांगल्या वंशावळीत ती जागा कोरी ठेवतात.

कोऱ्या जागेची लाज वाटू लागली की काय होते, याचाही दाखला त्याच देशात आहे. गुस्ताव्ह आंजू (१८६३–१९४२) नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कनजीक श्रीमंत कुटुंबांना इच्छेप्रमाणे वंशावळी पुरविण्याचा धंदा मांडला होता. खऱ्या कागदांत खोटे कागद बेमालूम मिसळून त्याने शेकडो घराण्यांची दिशाभूल केली, आणि त्यातील चुका आजही वंशवृक्षांतून फिरत आहेत.

या सर्वांचे तात्पर्य आपल्या कुलवृत्तान्तांस सर्वथैव लागू आहे. आपल्याकडेही आजोबांचे नाव नातवास ठेवतात. म्हणून एकाच नावाचे दोन पुरुष एक मानले जाण्याचा धोका आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या अमोल आहेत. तथापि यात्रेकरूने जे सांगितले तेच त्यांत उतरले आहे, हे विसरू नये. इनाम-वतनाचे कागद अधिक भरवशाचे, कारण जमिनीच्या हक्कात खोट्याला हरकत घेणारा भाऊबंद नेहमीच जागा असतो.

सबब सभासद-कुटुंबांस विनंती अशी की, वंशावळीतील प्रत्येक नावापुढे आधार लिहावा : कोणता कागद, कोठे आहे, कोणी पाहिला. परंपरा टाकू नये. ती परंपरा म्हणूनच, सांगणाऱ्याच्या नावानिशी लिहावी. माहेरची नावे अगत्याने टिपावी, कारण प्रथम पुसली जातात ती तीच. जेथे पुरावा नाही, तेथे जागा कोरी ठेवावी. आज आपली कित्येक मुले-नातवंडे त्याच अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. उद्या ती आपले मूळ विचारतील. त्यांच्या हाती भव्य पण खोटा वृक्ष देण्यापेक्षा लहान पण खरी फांदी द्यावी. ती पुढे वाढू शकते.