विजेचं एक युनिट आणि आपल्या घरचा हिशेब



विजेचं बिल आलं की बहुतेक घरांत दोन प्रश्न हमखास निघतात. "या महिन्यात एवढं कसं आलं?" आणि "काय काय चालू ठेवत होतात?" दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी सगळ्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळते. मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन, म्हणजे ज्या वस्तूंनी बाईचं काम हलकं होतं, त्यांच्यावरच आधी संशय. म्हणून आज विजेचा हिशेब कसा सुरू झाला आणि घरातल्या एकेका वस्तूचा खर्च कसा काढायचा, ते सांगते. मी बी.कॉम. झाले ते आकड्यांच्या आवडीनं. इंजिनिअर नाही. पण या हिशेबाला गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे काही लागत नाही.

दूध लिटरनं मोजता येतं, धान्य किलोनं. वीज दिसतही नाही आणि साठवूनही ठेवता येत नाही, मग ती मोजायची कशी, हा प्रश्न ती विकणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून पडला. सुरुवातीला काही ठिकाणी दिव्यामागे ठरावीक रक्कम घेत. दिवा तासभर लावा नाही तर रात्रभर, पैसे तेवढेच. थॉमस एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीज केंद्र सुरू केलं तेव्हा त्यावर सुमारे ४०० दिवे होते. त्याने ग्राहकांसाठी जे मीटर बनवलं ते ऐकून गंमत वाटेल. एका बरणीत द्रावण आणि त्यात जस्ताच्या दोन पट्ट्या. घरात वीज वापरली की तिचा लहानसा ठरावीक हिस्सा बरणीतून जाई आणि एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जमा होई. ठरावीक दिवसांनी कंपनीचा माणूस पट्ट्या घेऊन जाई, त्यांचं वजन करी आणि त्यावरून बिल निघे.

मोजमाप प्रामाणिक असेलही, पण ग्राहकाला स्वतः काहीच पाहता येत नव्हतं. वाण्याने तराजू आतल्या खोलीत ठेवावा तसा तो प्रकार.

ही अडचण पुढच्या सात-आठ वर्षांत दूर झाली. हंगेरीतल्या गांझ कारखान्यातले इंजिनिअर ओट्टो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये फिरत्या चकतीच्या मीटरचं पेटंट घेतलं. ते पहिलं मीटर २३ किलोचं होतं! पण त्यात आकडे होते आणि ते कोणालाही वाचता येत. आपल्या लहानपणी दाराजवळच्या लाकडी फळीवर जे काळं मीटर असायचं, काचेमागे चकती गरगर फिरायची, ते याच घराण्यातलं.

आता शब्दांचं पाहू. "वॅट" हे नाव वाफेच्या इंजिनात सुधारणा करणाऱ्या जेम्स वॅट यांच्यावरून आलं आणि ते १८८२ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी सुचवलं. एखादी वस्तू त्या क्षणी किती जोराने वीज घेते, ते वॅट सांगतो. आणि आपण ज्याला "युनिट" म्हणतो ते मूळचं इंग्लंडमधल्या बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याचं युनिट. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. इंग्रजांबरोबर तो शब्द इकडे आला आणि आपल्या बोलण्यात कायमचा राहिला.

मुंबईत विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते १८८२ मध्ये, क्रॉफर्ड मार्केटात. पुढे १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी निघाली, तीच आजची बेस्ट. १९१५ पासून टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईला मिळू लागली. बाकी महाराष्ट्रातल्या गावोगावी वीज पोचायला मात्र पुष्कळ वर्षं लागली. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं १९६० मध्ये. म्हणजे आपल्यापैकी कित्येकींच्या आयांनी संसार मांडला तो कंदिलाच्या उजेडात. आपल्याकडे जेवणं सूर्यास्ताच्या आत उरकत, त्यामुळे रात्री चुलीपाशी दिवा लागतच नसे. वीज आल्यावरही प्रत्येक खोलीत एक बल्ब, एवढाच बहुतेकांचा वापर होता.

दिव्याचा हिशेब कोणालाही कळत होता. गोंधळ सुरू झाला तो स्वयंपाकघरात यंत्रं आल्यावर.

१९६३ मध्ये सुमीत मिक्सर बाजारात आला. सत्यप्रकाश माथुर हे इंजिनिअर आणि त्यांच्या पत्नी माधुरी माथुर यांच्या घरातून त्याची सुरुवात झाली. परदेशी यंत्रांना आपली हळकुंडं, भिजवलेली डाळ आणि ओलं खोबरं झेपत नव्हतं, म्हणून भारतीय वाटणाला पुरेल अशी मोटर त्यांनी बनवली. पाट्या-वरवंट्यावर वाकून अर्धा-पाऊण तास जायचा, ते काम पाच मिनिटांवर आलं.

पण मिक्सर घरात आला तरी तो वापरायची मुभा मिळायलाही वेळ लागला. माझं लग्न १९८० नंतरच्या काळातलं. सासरी मिक्सर होता, पण सणावारालाच फडताळातून खाली यायचा. मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं म्हणणं, "मीटर बघ कसं पळतंय." आत्यांचं, म्हणजे सासूबाईंचं मनगट दुखायचं, तरी त्या पाट्यावरच वाटायच्या. मामा काटकसरी होते, कठोर नव्हते. आणि त्यांनी पाहिलेलं खोटं नव्हतं. मिक्सर लावला की चकती खरोखरच पळायची.

कसं ते बघा. जुन्या मीटरवर "६०० फेरे म्हणजे एक युनिट" अशा अर्थाचा आकडा छापलेला असे. ५०० वॅटचा मिक्सर चालू असताना चकतीचा एक फेरा १२ सेकंदांत होतो. ७५ वॅटच्या पंख्यावर तोच फेरा व्हायला ८० सेकंद लागतात. बघणाऱ्याला वाटणारच की मिक्सर वीज खातो आणि पंखा बिचारा गरीब. पण चकती फक्त वेग दाखवते. पैसे पडतात ते अंतराचे, म्हणजे वरच्या आकड्यांचे. धावत जाऊन शेजारच्या घरी डोकावून येणारा दमलेला दिसतो, पण दिवसभर सावकाश चालणारा कितीतरी लांब गेलेला असतो.

मी बिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं मांडून दाखवलं होतं. वॅट गुणिले रोजचे तास गुणिले महिन्याचे दिवस, भागिले १०००.

मिक्सर ५०० वॅट, रोज पाव तास: महिन्याला पावणेचार युनिट.
बाहेरच्या खोलीतला पंखा ७५ वॅट, रोज १२ तास: महिन्याला २७ युनिट.

मामांनी कागद दोनदा वाचला. काही बोलले नाहीत, पण त्यानंतर मिक्सर ओट्यावर राहिला आणि कोणी नसताना पंखा बंद करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

बायकांनी हा हिशेब स्वतः शिकावा ही कल्पना काही माझी नाही. इंग्लंडमध्ये १९२४ मध्ये इलेक्ट्रिकल असोसिएशन फॉर विमेन नावाची संस्था निघाली. कॅरोलाइन हॅसलेट या इंजिनिअर बाई तिच्या संचालक होत्या. घरकामातले कष्ट विजेने कमी व्हावेत आणि ती वीज बाईला समजावी, हा संस्थेचा हेतू. त्यासाठी वर्ग घेतले, पुस्तकं काढली. घरातलं यंत्र वापरणारीलाच त्याचा खर्च कळला पाहिजे, हे शंभर वर्षांपूर्वीचं म्हणणं मला आजही पटतं.

आता आपल्या आजच्या घराकडे येऊ. वही घ्या.

पंखा: साधा ७५ वॅटचा, रोज १२ तास, २७ युनिट. नव्या बीएलडीसी मोटरचा साधारण ३० वॅटचा असतो, त्याला जेमतेम ११ युनिट. घरात असे तीन पंखे चालत असतील तर महिन्याला ४८ युनिटांचा फरक पडतो.

दिवा: ६० वॅटचा जुना बल्ब रोज ५ तास लावला तर ९ युनिट. तेवढ्याच उजेडाला ९ वॅटचा एलईडी पुरतो, त्याचं सव्वा युनिटच्या आसपास.

गीझर: इथे वॅटपेक्षा पाणी मोजणं बरं. एक लिटर पाणी एक अंश तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. १५ लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ वर न्यायची तर साधारण ३५० वॅट-तास, म्हणजे एक तृतीयांश युनिटपेक्षा थोडं जास्त. चार माणसांच्या चार बादल्या धरल्या तर महिन्याला ४२ युनिट. गीझर तासन्‌तास चालू ठेवला तर टाकीतली उष्णता बाहेर जाते, त्याचे आणखी वेगळे.

पिण्याचं पाणी: ज्यांच्याकडे उकळलेलंच पाणी पितात त्यांनी हेही मांडावं. पाच लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ०.४४ युनिट लागतं. भांड्यातून वाया जाणारी उष्णता धरून इंडक्शनवर अर्धा युनिट समजा. महिन्याला १५. झाकण ठेवलं तर तेवढ्यात भागतं.

फ्रिज: तो दिवसभर लागून-थांबून चालतो, म्हणून वॅटवरून हिशेब चुकतो. त्यावरचं ताऱ्यांचं लेबल वाचा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने ही लेबलं २००६ मध्ये सुरू केली. नुसते तारे मोजू नका, वर्षाचे युनिट लिहिलेले असतात त्यांना १२ ने भागा. वर्षाला २२० असतील तर महिन्याला १८.

टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स: टीव्ही बंद केला तरी हा जागाच असतो. समजा १० वॅट घेतो, तर महिन्याला सात युनिट. मिक्सरच्या जवळजवळ दुप्पट, आणि कोणाच्याही उपयोगाशिवाय!

युनिट निघाले, आता रुपये. इथे बऱ्याच जणी एकूण बिलाला एकूण युनिटने भागतात. कॉमर्सची विद्यार्थिनी म्हणून सांगते, तसं करू नका. बिलातला "स्थिर आकार" तुम्ही एकही युनिट वापरलं नाही तरी द्यावा लागतो. यामागे १८९२ मधला एक विचार आहे. जॉन हॉपकिन्सन या इंग्रज इंजिनिअरने मांडलं की वीज कंपनीचा मोठा खर्च वीज बनवण्याचा नसतो, तर तुम्ही कधीही बटण दाबाल म्हणून यंत्रं आणि तारा तयार ठेवण्याचा असतो. म्हणून बिलाचे दोन भाग असावेत, एक तयारीचा आणि एक वापराचा. आपल्या बिलातली ती ओळ या विचाराची आहे.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. आपल्याकडे पहिल्या १०० युनिटांना कमी दर, १०१ ते ३०० ला जास्त, पुढे आणखी जास्त. दर बदलत राहतात, म्हणून सोपे आकडे घेऊ. समजा पहिली १०० युनिट ५ रुपयांनी आणि पुढची १० रुपयांनी. घरात १८० युनिट वापरली तर ५०० अधिक ८००, म्हणजे १३०० रुपये. सरासरी सव्वासात रुपये. पण तुम्ही पंख्याची २७ युनिट वाचवली तर ती वरच्या टप्प्यातली वाचतात. २७० रुपये कमी होतात, १९५ नव्हे. वर १६ टक्के वीज शुल्कही तेवढ्या प्रमाणात उतरतं. म्हणून एखाद्या वस्तूची बचत मोजायची तर तुमच्या बिलातल्या शेवटच्या टप्प्याचा दर धरा. वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार, तिन्ही मिळून.

आता चकती गेली आणि मीटरवर लाल ठिपका लुकलुकतो. त्याच्याजवळ बहुधा ३२०० असा आकडा असतो, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकलं की एक युनिट. मीटरला हात न लावता नुसतं पाहायचं. घरातलं सगळं बंद करून एकच वस्तू लावा आणि एक मिनिट मोजा. एकेक लुकलुक १८.७५ वॅट धरा. ७५ वॅटचा पंखा मिनिटाला चार वेळा लुकलुकतो. सगळं बंद असतानाही ठिपका लुकलुकत असेल, तर घरात काहीतरी जागं आहे. ते शोधा.

दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवा. बरणीतल्या जस्ताच्या काळात ग्राहकाला हे करताच येत नव्हतं. घरात सून नवीन असेल तर ही वही तिच्या हाती द्या, आणि मिक्सरला नावं ठेवण्याआधी पंख्याचे तास मोजा.