मदरपीस टॅरो

स्त्रीवादी दृष्टीतून घडवलेला अमेरिकी टॅरो (भविष्यकथनाच्या) पत्त्यांचा संच. व्हिकी नोबल आणि कॅरन व्होगल यांनी तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील बर्कली येथे तयार केला, प्रकाशन १९८१. पारंपरिक टॅरोप्रमाणे यातही ७८ पत्ते आहेत, पण ते गोल आहेत. त्यामुळे पत्ता सुलटा की उलटा एवढाच प्रश्न उरत नाही; तो कोणत्याही कोनात कलू शकतो आणि अर्थही त्यानुसार बदलतो.

टॅरोच्या सुपरिचित रायडर-वेट संचाची (१९०९) चित्रे पामेला कोलमन स्मिथ या स्त्रीने काढली होती. तिचे नाव मात्र संचाच्या नावात आले नाही. त्या संचातील राजा-राणीच्या दरबाराऐवजी मदरपीसमध्ये शामान, पुजारीण, पुत्र व कन्या आहेत. एकांतवासी वृद्ध साधूच्या जागी वृद्धा आली आहे. मातृदेवतांची प्राचीन उपासना हा संचाचा वैचारिक पाया असून आफ्रिका, क्रीट आणि अमेरिकेतील मूलनिवासी यांच्या प्रतिमा त्यात मुक्तपणे वापरल्या आहेत.

हीच त्याची दुबळी बाजूही आहे. दोन गोऱ्या अमेरिकी स्त्रियांनी इतरांची धर्मचिन्हे एका वैश्विक देवीच्या कथेत ओवली, हा आक्षेप रास्त आहे. या देवीकथेमागची आदिम मातृसत्तेची कल्पनाही अनेक पुरातत्त्वज्ञांना मान्य नाही. तरीही टॅरोची पात्ररचना बदलता येते, हे या संचाने ठसठशीतपणे दाखवले. पुढे फॅशनच्या जगातही तो पोहोचला: डिझायनर मारिया ग्राझिया क्युरी यांनी २०१७ मध्ये सादर केलेल्या दिओर या फॅशन कंपनीच्या वस्त्रसंग्रहात यातील चित्रे वापरली गेली.