खोंडाच्या चिमट्यापासून कुत्रीच्या दुर्बिणीपर्यंत

खरसुंडी, पुसेगाव, म्हसवड. सातारा-सांगलीच्या या दुष्काळी पट्ट्यातल्या जत्रा खिलार जनावरांसाठी नावाजलेल्या. खोंड औताला जुंपण्याआधी बडवायची इथली जुनी रीत. दोर टाकून त्याला आडवा पाडायचा, पाय आवळायचे आणि वृषणाच्या शिरा काठ्यांमध्ये धरून ठेचायच्या. भूल नसेच. विसाव्या शतकात सरकारी दवाखान्यांतून इटलीचा बर्डिझो चिमटा आला. त्याचे बोथट जबडे कातडीवरूनच एकेक शीर चेपतात. कातडी फाटत नाही, त्यामुळे जखम चिघळण्याचा प्रश्नच उरला नाही.

कुत्रीपुढे मात्र हा चिमटा निरुपयोगी, कारण तिची अंडाशये पोटात, मूत्रपिंडांजवळ असतात.

तशी कुत्र्यांची नसबंदी हा विचारच उशिरा आला. आधी शहरे त्यांना मारत. १८३२ मध्ये अशाच हुकमाविरुद्ध मुंबईत पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. तरी पुढे दीडशे वर्षे कुत्री मारली जातच राहिली. मद्रासच्या ब्लू क्रॉसने १९६४ पासून नसबंदीचा आग्रह धरला. २००१ च्या केंद्रीय नियमांनी तो देशभर मान्य केला: पकडा, शस्त्रक्रिया करा, रेबीजची लस द्या आणि त्याच वस्तीत परत सोडा. २०२३ च्या नियमांनीही हीच दिशा ठेवली.

परत सोडायचे, म्हणूनच जखमेचा आकार महत्त्वाचा. चिखलात बसणाऱ्या कुत्रीचे टाके उसवले तर पाहायला कोण येणार? त्यामुळे अनेक शल्यचिकित्सक कुशीवर लहानसा छेद घेतात, आकडा आत घालून गर्भाशयाचे शिंग अलगद वर ओढतात, रक्तवाहिन्या बांधतात आणि मगच कापतात.

याहून लहान जखम दुर्बिणीची. १९०१ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक गेओर्ग केलिंग यांनी पोटात हवा भरून दुर्बिणीने आत डोकावून दाखवले, ते एका कुत्र्याच्याच. माणसांच्या शस्त्रक्रियेत ही पद्धत रुळली आणि नंतर कुत्र्यांच्या नसबंदीसाठी वापरात आली. पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवून दोन-तीन छिद्रांतून अंडाशये काढतात. वेदना कमी होतात, कुत्री लवकर हिंडू-फिरू लागते.

यंत्रे महाग, भूल सांभाळणारी माणसे हवीत आणि हातही सरावलेला हवा. सातारा जिल्ह्यात शिरवळला १९८८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला नाव आहे क्रांतिसिंह नाना पाटलांचे, ज्यांचे मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातले येडेमच्छिंद्र. या दोन्ही जिल्ह्यांतल्या रस्त्यावरच्या कुत्रीलाही ही लहान जखम मिळायची, तर असे हात अशाच संस्थांतून तयार व्हायला हवेत आणि यंत्रांचा खर्च नगरपालिकांनी उचलायला हवा.