पन्नासावी आई

सौदी अरेबियात सरकारने मुलींच्या शाळा १९६० साली हाती घेतल्या. शिकलेल्या मुली शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, आणि कामावर जाताना तान्हे मूल ठेवावे कोठे, हा प्रश्न घरोघरी आला. २००५ च्या कामगार कायद्याने ठरविले की, ५० किंवा अधिक स्त्रिया कामावर असून त्यांची सहा वर्षांखालील मुले १० भरली, तर मालकाने जागा व सांभाळणाऱ्या बायका द्याव्यात.

हा पन्नासाचा आकडा आम्हा मुंबईकरांच्या ओळखीचा. भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही पाळणाघर ५० हून अधिक स्त्रिया असल्या तरच. १९७६ साली तो आकडा ३० झाला. त्यापूर्वी गिरणीतल्या आया तान्ह्यास अफूची बाळगोळी देऊन पाळीवर जात, हे आम्ही थोरल्या परिचारिकांकडून ऐकले आहे. पण ४९ बायकांच्या कारखान्यातले मूल कमी रडते काय?

सौदीत पुढे ‘कुर्रा’ नावाची योजना आली. तीत खासगी नोकरीतील आईला पाळणाघराच्या फीसाठी मदत मिळते, सोबत कितीजणी आहेत हे मोजत नाहीत. हे आम्हांस अधिक पटते. मात्र ती सौदी स्त्रियांपुरती आहे. तेथील वॉर्ड सांभाळणाऱ्या केरळच्या कित्येक परिचारिकांची मुले गावी आजीपाशीच वाढतात.